राजगीरची हॉकी आणि वाडीतले चार टीव्ही

२७ ऑगस्ट २०२५ ला कोकणात घरोघरी गणपती बसले आणि २९ ला बिहारमधल्या राजगीरला पुरुषांचा हॉकी आशिया चषक सुरू झाला. ३१ ला गौरी आल्या, त्याच दिवशी भारताने जपानला ३–२ हरवलं. १ सप्टेंबरला गौरीपूजन, त्या दिवशी कझाकस्तानवर १५ गोल. ६ ला अनंत चतुर्दशी, चीनवर ७–०. ७ ला फायनल, कोरियावर ४–१, आणि त्याबरोबर २०२६ च्या वर्ल्ड कपचा प्रवेश. त्याच रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी खग्रास चंद्रग्रहण लागणार होतं. म्हणजे ज्यांना वेध पाळायचे त्यांचं जेवण आधीच उरकलेलं, आणि टीव्हीसमोर बसायला माणसं मोकळी.

वाडीत सर्वांत जास्त माणसं याच दहा दिवसांत असतात. वर्षभर कुलूप असलेली घरं उघडतात, मुंबईचे चाकरमानी येतात. त्यांच्यातले काही चर्चगेटच्या मैदानावर हॉकी बघत वाढलेले असतात. पाऊस, वीज आणि मोबाईल टॉवर यांचीही परीक्षा याच दहा दिवसांत होते. स्पर्धेचे भारतातले हक्क सोनीच्या क्रीडा वाहिन्यांकडे आणि सोनी लिव्ह ॲपकडे होते. दार एकच, आणि वाडीतल्या प्रत्येक घराला त्या दारापर्यंत आपापल्या वाटेने जायचं.

इथे घेतलेली वाडी नकाशावर शोधू नये. राजापूर ते देवगड या पट्ट्यात कुठेही सापडतील अशा चार जोडण्या एका जागी मांडल्या आहेत: पहिल्या घरात केबल आणि जुना एसडी (कमी तपशिलाच्या चित्राचा) बॉक्स, दुसऱ्यात खासगी डीटीएचचा, म्हणजे घरच्या डिशवर थेट उपग्रहावरून येणाऱ्या सेवेचा, एचडी (जास्त तपशिलाच्या चित्राचा) बॉक्स, तिसऱ्यात डीडी फ्री डिश (दूरदर्शनची फुकट डिश सेवा), चौथ्यात टीव्हीच नाही, मोबाईलवर ॲप. मैदानातून निघालेलं चित्र एकच असताना चार घरांत चार वेगळे सामने का दिसतात, आणि त्यात हक्कांच्या कराराचा वाटा किती, एवढाच प्रश्न आहे.

मुळात चित्र वाईट नसतं

आंतरराष्ट्रीय सामन्याचं चित्रीकरण आयोजकांनी नेमलेला यजमान प्रक्षेपक करतो. हाफलाइनला उंचावरचा मुख्य कॅमेरा, दोन्ही २३ मीटर रेषांच्या आसपास एकेक, गोलच्या मागे, आणि जवळून टिपणारे काही. याच कॅमेऱ्यांवर व्हिडिओ अंपायरचा निर्णय अवलंबून असतो, त्यामुळे मूळ चित्राची हेळसांड करणं आयोजकांनाही परवडत नाही. ते एचडीत तयार होतं आणि हक्क घेणाऱ्याकडे जातं. तिथे समालोचन, जाहिराती आणि वाहिनीचा शिक्का चढतो. बिघाड सुरू होतो तो इथून पुढे.

हॉकीला या बिघाडाची झळ क्रिकेटपेक्षा जास्त बसते. चेंडूचा परीघ नियमाप्रमाणे २२४ ते २३५ मिलिमीटर, म्हणजे व्यास साधारण ७.३ सेंटिमीटर. मैदान ९१.४० बाय ५५ मीटर. मुख्य कॅमेऱ्याने खेळ दाखवताना एका वेळी ४० मीटर रुंदीचा तुकडा पकडला असं धरू. एचडीत आडवे १९२० ठिपके असतात, म्हणजे मीटरला ४८, आणि चेंडूच्या वाट्याला साडेतीन. एसडीत आडवे ७२० ठिपके, मीटरला १८, चेंडूच्या वाट्याला जेमतेम सव्वा ठिपका. सव्वा ठिपक्याची वस्तू म्हणजे पडद्यावरचा कण. कॉम्प्रेशन करणारं, म्हणजे चित्र कमी जागेत दाबून बसवणारं यंत्र अशा कणाला पहिली कात्री लावतं, कारण त्याच्या लेखी तो खरखरीचाच एक भाग असतो.

आता पेनल्टी कॉर्नर घ्या. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या टोकापासून गोल १४.६३ मीटरवर. ड्रॅगफ्लिक (स्टिकने ओढून फेकलेला फटका) ताशी ११० किलोमीटरने सुटली तर चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला ५० फील्डचं (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र), म्हणजे दोन फील्डच्या मध्ये चेंडू ६१ सेंटिमीटर पुढे. स्वस्त बॉक्स किंवा टीव्ही दोन फील्ड एकत्र करून २५ चित्रंच दाखवत असेल, तर प्रत्येक चित्रात चेंडूची उडी १२२ सेंटिमीटरची. अख्खी ड्रॅगफ्लिक बारा चित्रांत संपते. त्या बारांतल्या चारांत चेंडू पुसला गेला, की प्रेक्षकाला दिसतो तो फक्त फळीवर आदळल्यानंतरचा जल्लोष. ‘हॉकीत बॉलच दिसत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा खेळाची नसते, बिटरेटची, म्हणजे चित्राला दर सेकंदाला मिळणाऱ्या माहितीची असते. लंडन ऑलिम्पिकपासून, म्हणजे २०१२ पासून, निळी टर्फ आणि पिवळा चेंडू आला तो पडद्यावर चेंडू उठून दिसावा म्हणूनही. पण प्रक्षेपणात रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा आडवी-उभी निम्म्यानेच साठवली जाते. एसडीत तो पिवळा रंग आजूबाजूच्या निळ्यात पसरतो. वर ओल्या टर्फवरून उडणारे पाण्याचे तुषार. प्रत्येक तुषार यंत्राला नवा तपशील वाटतो आणि चेंडूच्या वाट्याचे बिट तो खातो.

करार कशाचा असतो

हॉकीचे हक्क एकाच तिजोरीत नसतात. ऑलिम्पिकचे वेगळे, आंतरराष्ट्रीय महासंघाचे वेगळे, आशियाई महासंघाचे वेगळे, देशातल्या लीगचे वेगळे. प्रत्येक करार ठरावीक देश, ठरावीक मुदत आणि ठरावीक माध्यमांपुरता एकालाच दिलेला. गेल्या काही वर्षांतली फिरती बघा. टोकियो ऑलिम्पिकचं कांस्य (५ ऑगस्ट २०२१, जर्मनीवर ५–४) सोनीवर. जानेवारी २०२३ चा भुवनेश्वर-राउरकेला वर्ल्ड कप स्टारवर. त्याच ऑगस्टमध्ये चेन्नईची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी स्टार आणि फॅनकोडवर. ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई खेळांचं सुवर्ण पुन्हा सोनीवर. जानेवारी २०२४ मध्ये रांचीची ऑलिम्पिक पात्रता आणि ऑगस्टमधलं पॅरिसचं कांस्य स्पोर्ट्स१८ आणि जिओसिनेमावर. सप्टेंबरमध्ये हुलुनबुईरची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी परत सोनीवर.

यातला प्रत्येक करार एकहाती आहे, आणि तरी चाहत्याच्या हाती एक वाहिनी कधीच राहत नाही. केबलच्या पॅकमध्ये क्रीडा वाहिनी एकच ठेवणाऱ्या घराला तीन वर्षांत चारदा पॅक बदलावा लागला असता. आंतरराष्ट्रीय महासंघाचं स्वतःचं वॉच डॉट हॉकी हे व्यासपीठ आहे, पण ज्या देशात हक्क एकाला विकले गेले तिथे ते सामने त्यावर बंद ठेवले जातात. म्हणजे अडचणीच्या वेळी अधिकृत दुसरी खिडकी उरत नाही. एकहाती हक्कांचा खरा परिणाम इथे आहे. चित्र बिघडवायला तो करार थेट कारण नसतो, पण बिघडल्यावर दुसरीकडे वळायला जागा ठेवत नाही.

दुसरी गोष्ट वाहिनीच्या वाटपाची. हक्क घेणाऱ्याकडे क्रिकेटही असेल तर मुख्य वाहिन्या कोणाला मिळणार हे सांगायला नको. १५ जानेवारी २०२३ ला तिरुवनंतपुरमला भारत-श्रीलंका तिसरा वनडे होता आणि राउरकेलाला संध्याकाळी सातला वर्ल्ड कपमधला भारत-इंग्लंड. दोन्ही एकाच प्रक्षेपक समूहाकडे. वर्ल्ड कप हॉकी स्टार स्पोर्ट्स सिलेक्ट २ आणि स्टार स्पोर्ट्स फर्स्टवर होती. फर्स्ट फुकट दिसणारी, म्हणून पोच मोठी, पण एसडी. सिलेक्ट २ एचडीत होती, पण क्रिकेटसाठी घेतलेल्या ठरावीक पॅकमध्ये ती असतेच असं नाही. सामना ०–० सुटला. गोल नसलेल्या सामन्यात सगळी गंमत बचावात आणि चेंडूच्या चालीत असते, आणि नेमकी तीच एसडीत हरवते.

प्रेक्षक या करारात कुठेच पक्षकार नसतो. त्याचा करार केबलवाल्याशी किंवा डीटीएच कंपनीशी. त्यामुळे ‘सामना नीट दिसत नाही’ ही तक्रार प्रक्षेपकाकडे नेऊन उपयोग नसतो. ती सेवा देणाऱ्याकडे नोंदवायची आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्यायचा. नियमाने तो द्यावा लागतो.

पहिलं घर: केबल

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि सर्वांत जास्त दुरुस्तीही इथेच शक्य आहे.

प्रक्षेपकाची वाहिनी मोठ्या केबल कंपनीच्या हेडएंडला, म्हणजे मुख्य केंद्रात, सी-बँड या उपग्रह पट्टीच्या मोठ्या छत्रीवर उतरते. तिथे ती इतर वाहिन्यांसोबत एका फ्रिक्वेन्सीवर बांधली जाते. ८ मेगाहर्ट्झच्या एका फ्रिक्वेन्सीवर, ६४ क्वॅम आणि ६.८७५ सिम्बॉल रेटला (लहरीवर माहिती भरायची ही मापं), मिळतात सेकंदाला ३८ मेगाबिट. त्यात १२ वाहिन्या बसवल्या तर प्रत्येकीला सरासरी ३.२ आणि २० बसवल्या तर १.९. जुन्या एमपेग-२ (चित्र दाबण्याची जुनी पद्धत) बॉक्ससाठी हॉकीसारखा खेळ दोनच्या खाली नेला की चौकोन पडणारच. बातम्या सांगणारा निवेदक तेवढ्यात छान दिसतो, म्हणून ऑपरेटरच्या खोलीतल्या पडद्यावर ‘सगळं ओके’ असतं. शिवाय हे वाटप हलतं असतं. त्याच बांधणीतल्या दुसऱ्या वाहिनीवर धावपळ वाढली की ती जास्त बिट ओढते आणि हॉकीला कमी उरतात.

हेडएंडची छत्री तालुक्याच्या गावात असेल आणि शेजारी नवा ५जी टॉवर उभा राहिला असेल, तर अजून एक दुखणं येतं. ५जीची मधली पट्टी ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ, आणि छत्री ऐकते ३७०० ते ४२००. टॉवर जवळ असला की छत्रीवरचा एलएनबी (लहरी पकडणारा भाग) दबून जातो आणि काही वाहिन्या दिवसाच्या ठरावीक वेळी फुटतात. उपाय स्वस्त आहे: एलएनबीच्या तोंडाशी बँडपास फिल्टर, म्हणजे फक्त छत्रीची पट्टी आत सोडणारी गाळणी. तो न बसवता छत्री हलवत बसणारे ऑपरेटर बरेच.

हेडएंडपासून वाडीपर्यंत फायबर, तिथून पुढे वायर. कोकणात इथे खारा वारा काम करतो. आरजी-६ वायरच्या आत बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार असते. कनेक्टरच्या तोंडाशी मुलामा गेला की दोन पावसाळ्यांत गंज. कनेक्टर उघडून बघा. टोक काळं पडलेलं, हाताला खरखरीत लागणारं असेल तर बोटभर वायर कापायची, नवा दाबून बसवायचा कनेक्टर लावायचा, आणि बाहेरच्या जोडावर रबराची चिकटपट्टी गुंडाळायची. पट्टी खालून वर गुंडाळायची, कौलासारखी. वरून खाली गुंडाळली तर पागोळीचं पाणी थेट पट्टीच्या घडीत शिरतं. जोडाच्या आधी वायरचा खाली लोंबता वळसा सोडायचा, म्हणजे पाणी तिथून गळून पडतं. बॉक्सवर पोचणाऱ्या सिग्नलची पातळी ४५ ते ६५ डीबी-मायक्रोव्होल्टमध्ये आणि एमईआर (सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा) ३० च्या वर असेल तर घरची वायर निर्दोष. एमईआर २५ च्या खाली घसरला की चौकोन सुरू. केबलवाल्या दादाकडे मीटर असतो. ‘दादा, टीव्ही बघू नका, मीटर लावून आकडा सांगा’ एवढं म्हणायचं.

दोष कुठे आहे ते मीटरशिवायही कळतं. फक्त हॉकीची वाहिनी फुटते आणि बाकी सगळ्या ठीक असतील, तर वाटपात कमी बिट मिळताहेत किंवा वरूनच वाईट येतंय. सात-आठ वाहिन्या एकत्र फुटत असतील, तर त्या एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत आणि ती फ्रिक्वेन्सी मार खातेय. बहुधा जोडात पाणी. सगळ्याच फुटत असतील तर ॲम्प्लिफायरची वीज किंवा मुख्य वायर. ही तीन वाक्यं तक्रारीत लिहून दिली की माणूस नेमका जिथे जायला हवा तिथे जातो.

दुसरं घर: एचडी डीटीएच

इथे करार आणि पाऊस दोघांची गाठ पडते. चित्र चारही घरांत सर्वांत चांगलं, पण जोरदार सर आली की नेमकं ते जातं.

डीटीएच केयू-बँडवर चालतं, ११–१२ गिगाहर्ट्झच्या आसपास. तासाला २० मिलिमीटरच्या पावसात दर किलोमीटरला एक डीबीच्या (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) आतच घट होते. ५० च्या सरीत ती अडीचवर जाते, १०० च्या सरीत साडेपाचच्या आसपास. पावसाळ्यात आपल्याकडे पाण्याचे थेंब साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत असतात. उपग्रह जितका खाली, तितका लहरींचा पावसातला रस्ता लांब. रत्नागिरीहून ८३ अंश पूर्वेचा उपग्रह सुमारे ६७ अंश उंचीवर दिसतो, ९३.५ चा ५९ वर, १०८.२ चा ४६ वर. पहिल्यासाठी पावसातला रस्ता साडेपाच किलोमीटर, शेवटच्यासाठी सात. एकाच वाडीत एका कंपनीची डिश सरीत टिकते आणि दुसरीची जाते, त्यात हे एक कारण असतं. हेडएंडच्या सी-बँड छत्रीला त्याच सरीचं फारसं काही वाटत नाही, म्हणून धो-धो पावसात केबलवाल्या घरात आकडे वाईट पण सामना चालू, आणि एचडीवाल्या घरात निळा पडदा. एसडी वाहिनीवर गेल्यानेही फरक पडत नाही, कारण ती त्याच उपग्रहावरून येते.

डिश मोठी करणं, ६० सेंटिमीटरची काढून ९० ची लावणं, याने साडेतीन डीबीची उसंत मिळते. मध्यम सरींना पुरते, जोरकस झडीला नाही. त्याआधी दिशा नेमकी आहे का बघावं. उन्हाळ्यात बॉक्सवर गुणवत्ता ६० टक्के दाखवणारी डिश ‘चालतेय की’ म्हणून सोडून दिलेली असते, आणि तिची पावसासाठीची शिल्लक तिथेच संपलेली असते. कोरड्या दिवशी ती शक्य तितकी वर न्यायची, बोल्ट आवळायचे आणि त्यांवर ग्रीस लावायचं.

या घरातली सर्वांत खर्चिक चूक मात्र पावसाची नाही. एचडीचे पैसे भरलेले, बॉक्स एचडी, आणि टीव्हीला जोडलंय पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही वायरने. पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. एचडीएमआय लावायची, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय निवडायचं. टीव्हीतली ‘नॉइज रिडक्शन’ आणि चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करायची. मालिकांसाठी ठीक असेल, हॉकीत ती चेंडूला धूळ समजून पुसते.

तिसरं घर: फ्री डिश

या घरात राजगीर नव्हतं, आणि हा थेट कराराचा परिणाम आहे. पण इथली गोष्ट जरा वळणाची आहे, म्हणून सावकाश.

२००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित स्पर्धांचं थेट चित्र, जाहिरातींशिवाय, हक्क घेणाऱ्याने प्रसार भारतीला (दूरदर्शन चालवणारी संस्था) द्यावं लागतं. टीव्हीवरच्या जाहिरातींचं उत्पन्न ७५:२५ असं वाटलं जातं, मोठा वाटा हक्क घेणाऱ्याचा. ऑलिम्पिक, आशियाई आणि राष्ट्रकुल खेळांबरोबर हॉकीचा वर्ल्ड कप, चॅम्पियन्स ट्रॉफी, सुलतान अझलन शाह चषक ही नावं त्यात आली. भारताचे सामने, उपांत्य आणि अंतिम. आता गंमत अशी की चॅम्पियन्स ट्रॉफी २०१८ मध्ये बंदच झाली आणि २०१९ पासून तिच्या जागी प्रो लीग आली. यादीतलं जुनं नाव नव्या स्पर्धेला आपोआप लागत नाही, त्यासाठी नवी अधिसूचना लागते. यादीबाहेरची स्पर्धा दाखवायची तर दूरदर्शनला स्वतः करार करावा लागतो. २८ डिसेंबर २०२४ ला पुन्हा सुरू झालेली हॉकी इंडिया लीग दूरदर्शन आणि सोनी दोघांवर होती. म्हणजे दोन दारं ठेवता येतात.

पुढचं वळण ऑगस्ट २०१७ चं. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा प्रकारे मिळालेलं चित्र दूरदर्शनने स्वतःच्या क्षेपणावर आणि स्वतःच्या डीटीएचवरच दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवरून ते पुढे जाऊ नये. २०२१-२२ मध्ये दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग क्षेपण केंद्रं बंद झाली, कौलावरची काट्यांची अँटेना भंगारात गेली. म्हणून वाडीपुरता त्या निकालाचा अर्थ एकच: सामना दूरदर्शनवर फुकट असला तरी तो फक्त फ्री डिशवर. केबलच्या घरात दूरदर्शनचा तोच क्रमांक लावला तर दुसरंच काही तरी किंवा सूचनेची पाटी. दर मोठ्या स्पर्धेला कोणीतरी केबलवाल्याशी यावरून भांडतं. त्याचा यात दोष नसतो.

फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला. रत्नागिरी-राजापूरहून डिश आग्नेयेकडे, उत्तरेपासून १२८ अंशांच्या आसपास, आणि ५९ अंश वर. एवढी उंची असल्याने सह्याद्री आड येत नाही, माड येतो. डिशपेक्षा १५ मीटर उंच माड त्या दिशेला नऊ मीटरच्या आत असेल तर झावळ आडवी येणार. वारा असला की चित्र जातं-येतं, वारा पडला की ठीक. लोक एलएनबी बदलतात, आणि दोष झावळीत असतो. दुसरी अडचण बॉक्सची. जुने फ्री डिश बॉक्स फक्त एमपेग-२ ओळखतात. नव्या वाहिन्या एमपेग-४ या नव्या पद्धतीत असल्या तर त्या बॉक्सवर दिसतच नाहीत, कितीही ट्यून करा.

चौथं घर: मोबाईल

थोडक्यात. ७२०पीला सेकंदाला अडीच मेगाबिट धरले तर तासाला सव्वा जीबीच्या जरा खाली. सामना १५ मिनिटांच्या चार डावांचा, पण मध्यंतर, गोल आणि पेनल्टी कॉर्नरला घड्याळ थांबणं, रिव्ह्यू मिळून दीड तासाच्या पुढे जातो. रोजचा दीड जीबीचा पॅक एक तास वीस मिनिटांत संपतो, म्हणजे बरोबर चौथ्या डावात. ४८०पी निवडला तर निभतं. गणपतीत वाडीतल्या एका टॉवरवर नेहमीपेक्षा कितीतरी फोन असतात. आरतीनंतर सगळे एकदम मोबाईल उघडतात, तेव्हा ॲप आपोआप चित्र खाली उतरवतं. चेंडू दिसेनासा होतो तो तिथेच. ॲपचं चित्र केबलच्या मागे अर्धा मिनिट चालतं. शेजारच्या घरातून ‘गोल!’ ऐकू येतो आणि इथे अजून पेनल्टी कॉर्नरची तयारी. उपाय काही नाही, शेजाऱ्याकडे जावं.

दहा दिवस आधी

स्पर्धेचं वेळापत्रक आलं की हक्क कोणाकडे आहेत ते त्या स्पर्धेच्या आयोजक महासंघाच्या घोषणेतून बघायचं. मागच्या स्पर्धेवरून अंदाज बांधायचा नाही. समूहाचं नाव पुरत नाही, वाहिनीचं पूर्ण नाव हवं: कोणती, कोणत्या भाषेची, एचडी आहे का. मग पूर्ण बुके (वाहिन्यांचा गठ्ठा) न घेता तेवढी एक वाहिनी सुटी मागायची. तसा हक्क ग्राहकाला आहे. बुकेमध्ये घातलेल्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही, १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला २२ रुपये ४२ पैसे. एकाच वाहिनीची एसडी आणि एचडी आवृत्ती एका बुकेत घालता येत नाही, त्यामुळे एचडी वेगळी सांगून घ्यावी लागते. न सांगितल्यास एसडी येते. वाहिनी सुरू झाल्यावर स्पर्धेच्या आधी एका संध्याकाळी, सामन्याच्याच वेळी, तिच्यावरचा कुठलाही वेगवान खेळ अर्धा तास बघायचा. दुपारी बारा वाजता केलेली चाचणी फसवते, कारण गर्दी रात्रीची असते.

वाडीत चार घरं असतील तर चौघांनी चार वाहिन्या घेण्यापेक्षा एकाने एचडीचं बघावं, दुसऱ्याने फ्री डिश जागी ठेवावी. पाऊस आला की केबल, वीज गेली की इन्व्हर्टर असलेलं घर.

पुढचा वर्ल्ड कप १५ ते ३० ऑगस्ट २०२६ ला, बेल्जियममधलं वाव्र आणि नेदरलँड्समधलं ॲम्स्टेलवेन. वर्ल्ड कप अधिसूचित यादीतला, म्हणून तिसऱ्या घराची पाळी यात येते. पण श्रावणातला पाऊस तोच असेल, माडही तोवर हातभर वाढलेला असेल. फ्री डिशचा बॉक्स एमपेग-४ आहे का हे जुलैतच मागच्या स्टिकरवर बघून घ्यावं, आणि आग्नेयेची झावळ पाडेकऱ्याकडून आगोटीपूर्वीच उतरवून घ्यावी, कारण एकदा माड निसरडा झाला की तो चढायला तयार होत नाही.